खोली दिसते तेवढी नाही

आमची पहिली भेट एका न्हाणीघराच्या दारात झाली. मी रागात होते, माझ्या हातात मोजपट्टी होती, आणि न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला पाठ लावून, तिपाईवर कॅमेरा ठेवून एक तरुण उभा होता.

"जरा बाजूला होता का?" तो म्हणाला. "फोटोत येताय."

"मी खोली बघायला आलेय."

"मग तर व्हाच बाजूला. तुम्ही उभ्या राहिलात की खोली केवढी आहे ते कळतं."

हे त्याने इतक्या निर्विकारपणे सांगितले की मला हसू आवरावे लागले, आणि त्यामुळे आणखी राग आला. भाड्याच्या जागांच्या साइटवरच्या त्याच्या आधीच्या फोटोत ही खोली ऐसपैस दिसत होती. प्रत्यक्षात पलंग टाकला की कपाट उघडत नव्हते, आणि कपाट उघडले की माणसाला पलंगावर चढून बसावे लागत होते. भाडे मात्र फोटोतल्या खोलीचे होते.

सूक्ष्मदर्शकांची भिंगे तपासणे हे माझे काम. भिंग सरळ रेषेला सरळ दाखवते की वाकवते, हे पाहण्यात माझा दिवस जातो. तो फोटो पाहताच कडेचे भिंतीवरचे घड्याळ अंड्यासारखे लांबट झालेले मला दिसले होते. तरीही मी आले होते. गरजू माणूस पुरावा समोर असतानाही आशा धरतो. निरीक्षणातली ही सर्वांत जुनी चूक असावी.

"रुंद कोनाचं भिंग आहे तुमचं," मी म्हणाले. "घड्याळाचं अंडं झालंय."

त्याने कॅमेऱ्यावरून डोळा काढला आणि प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले. "आजवर कोणी घड्याळाकडे बघितलं नव्हतं."

"मग काय बघतात लोक?"

"भाडं. मग पुन्हा फोटो. मग पुन्हा भाडं."

"आणि तुम्हाला झोप लागते?"

"लागते की. भावाच्या घरात, स्वयंपाकघर आणि बाल्कनी यांच्या मधल्या पट्टीत. वहिनी पहाटे दूध तापवायला उठते ती मला ओलांडून." त्याने कॅमेऱ्याचे झाकण लावले. "त्या जागेचा फोटो मात्र मलाही जमलेला नाही."

पुढच्या आठवड्यांत तो मला वारंवार भेटत राहिला. त्यात योगायोग फारसा नव्हता. तो दलालाच्या सांगण्यावरून रिकाम्या खोल्यांचे फोटो काढत होता आणि मी रिकाम्या खोल्या शोधत होते. एकाच तळ्यावर येणारी दोन जनावरे भेटायचीच. माझ्या खोलीचा भाडेकरार संपत आला होता. घरमालक भाडे वाढवणार हे ठरलेले होते, आणि आवाक्यातली दुसरी जागा मिळाली नाही तर मला प्रयोगशाळा सोडून आईवडिलांच्या गावी परतावे लागणार होते. तिथे भिंगे फक्त चष्म्याच्या दुकानात होती. आई फोनवर म्हणायची, "ये गं परत. काचा पुसायला एवढ्या लांब राहायचं कशाला?" मी काचा पुसत नाही हे तिला समजावण्याचा नाद मी केव्हाच सोडला होता.

"ती पुलाजवळची जागा बघायला जाऊ नका," फोटोवाला एकदा म्हणाला. "तिथली खिडकी चिकटवलेली आहे."

"म्हणजे?"

"शेजारच्या खोलीतली खिडकी उचलून फोटोत लावलीय. मी नाही, आमच्या साहेबांनी. प्रत्यक्षात तिथे भिंत आहे. चांगली आहे भिंत, पण भिंतच."

"आणि तुम्ही नोकरी करता तिथे."

"करतो ना. तुम्हाला काय वाटलं, मी शिव्या खायला फुकट येतो?"

पाऊस अवेळी यायचा. आम्ही एका जागेकडून दुसरीकडे चालत जायचो, आणि त्याची छत्री कायम कॅमेऱ्याच्या पिशवीवर असायची. पुढे ती अर्धी माझ्यावर आली. मग एका संध्याकाळी ती सबंध माझ्यावर होती, पिशवी त्याच्या शर्टाखाली होती, आणि त्याच्या केसांतून पाणी निथळत होते. मी नोंद घेतली. निष्कर्ष काढला नाही.

"काय बघताय?" त्याने विचारले.

"तुमचा खांदा भिजतोय."

"मोजपट्टी, खांद्याला भाडं नाही पडत. भिजू दे."

त्या दिवसापासून मी 'मोजपट्टी' झाले, आणि कधीतरी 'तुम्ही' गळून पडले.

मग घरमालक काकांनी मला वर बोलावले. हे गृहस्थ भाडे वाढवताना हमखास नाते जोडत. "तू मला मुलीसारखी," ते म्हणाले, "म्हणून आधी तुलाच सांगतोय. खोली साइटवर टाकतो. बाजारात काय भाव येतो बघू. तेवढं दिलंस तर तूच राहा. परक्याला कशाला?"

फोटो काढायला दलालाने ज्याला पाठवले, तो अर्थातच तोच होता. माझ्या खोलीत तो प्रथमच आला. दारातच थांबून त्याने सभोवार पाहिले आणि बूट काढले. रिकाम्या खोल्यांत तो कधी बूट काढत नसे.

"मी साधं भिंग लावतो," तो हळू आवाजात म्हणाला. "जशी आहे तशी काढतो. एवढीशी खोली बघून कुत्रं फिरकणार नाही इकडे. काकांना भाव येणार नाही, तू राहशील."

कट मला निर्दोष वाटला. फोटोंत मी आजवर एकच खोटेपणा शोधला होता, रेषांचा. रेषा सरळ असल्या की चित्र निरुपद्रवी, असे मी धरून चालले होते. त्याने तिपाई दारात लावली आणि तो थांबला. बराच वेळ थांबला. उन्हे कलली, खिडकीतून टेबलावर आली, बाटलीतल्या वेलीची पाने उजळली, पालथ्या पुस्तकाची कड चमकली, तेव्हा त्याने बटण दाबले. मी फोटो पाहिला. दाराची चौकट सरळ होती, घड्याळ गोल होते. "बरोबर आहे," मी म्हणाले, "दे पाठवून."

दुसऱ्या दिवशी जिन्यावर रांग लागली.

खोली फोटोत लहानच दिसत होती. पण तिथे कोणीतरी सुखाने राहते, हेही दिसत होते, आणि या शहरात त्याहून दुर्मीळ काही विकायला नव्हते. नवराबायको आले, विद्यार्थी आले, एक निवृत्त शिक्षिका आल्या आणि माझ्या टेबलावर हात फिरवून गेल्या. प्रत्येकाने आधीच्याहून थोडे अधिक भाडे देऊ केले. काकांचा फोन आला. "इतकं मलाही वाटलं नव्हतं गं," ते म्हणाले. आवाजात खरोखरचे आश्चर्य होते, आणि मागे हटण्याचा मागमूस नव्हता.

मी फोटोवाल्याला रस्त्यातच गाठले. "काय केलंस तू?"

"खरा फोटो काढला. तूच तपासलास."

"तपासला. भिंगात दोष नाही. तरी खोली महाग झाली. कशी, ते सांग."

तो म्हणाला, "मी उजेडाची वाट बघत थांबलो होतो. एरवी थांबत नाही. मला वाटलं... ती खोली तुझी दिसावी. म्हणजे मला तू जशी दिसतेस — तशी."

आयुष्यात माझ्यावर कोणी प्रेम करत असल्याचा हा पहिला विश्वसनीय पुरावा होता, आणि त्याच पुराव्यापायी मी बेघर होत होते. मला रडू आले नाही. संताप आला. त्याच्यावर नव्हे, चित्र मीच पास केले होते. कोणी कोणाकडे मायेने पाहिले तर तेही टिपून त्याचा भाव लावणारा बाजार, आणि 'मुलीसारखी' म्हणत तो भाव वसूल करणारा म्हातारा, यांचा संताप. ती खोली त्यांनी दोन इंचांनीही वाढवली नव्हती. गळका नळसुद्धा मीच दुरुस्त करून घेतला होता.

"वहिनी म्हणते," तो चाचरत म्हणाला, "दोघं मिळून राहा. भाडं निम्मं निम्मं. तुझी खोली राहील, नोकरी राहील. आणि मी... मला तर तसंही—"

"नाही."

"पूर्ण ऐकून तरी घे."

"ऐकलं. तू मला आवडतोस. पण मला खोलीही हवी आहे. आज मी हो म्हटलं, तर त्यातलं किती तुझ्यासाठी आणि किती खोलीसाठी, हे मला कधीच सांगता येणार नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या की प्रयोग वाया जातो."

"मी प्रयोग नाहीये."

"माहीत आहे. म्हणूनच चिडलेय. एखादा आवडला, म्हणून आवडला म्हणावं, इतकी साधी गोष्ट. तीसुद्धा यांनी भाड्याच्या हिशेबात आणून बसवली."

छत्री माझ्या हातात देऊन तो निघून गेला, आणि पाऊस तर पडतही नव्हता.

शहराच्या टोकाला, बस जिथून रिकामी परत फिरते, तिथे मी महिला वसतिगृहात एक खाट घेतली. खोलीत आम्ही चौघी. कपाटाचा एक कप्पा माझा. प्रयोगशाळेत जायला पहाटे निघावे लागे. नोकरी मात्र राहिली.

पहिल्या रविवारी तो फाटकाबाहेर दिसला. सबंध शहर ओलांडून आला होता, दोन बस बदलून. पाहुण्यांना आत मनाई होती, म्हणून आम्ही कुंपणाच्या बुटक्या कट्ट्यावर बसलो. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. ना त्याची इथे राहण्याची सोय होणार होती, ना माझे भाडे कमी होणार होते. सुट्टी जात होती, पैसे जात होते, आणि परतताना दुसऱ्या बसमध्ये त्याला उभे राहावे लागे. मी खूप शोधले; यात त्याचा फायदा कुठेच सापडला नाही. माझाही नाही. तरी शनिवारपासून माझे कशात लक्ष लागत नसे.

"ऐक," एका रविवारी मी म्हणाले. "मला तू हवा आहेस. खोली असो, नसो."

त्याने माझ्याकडे पाहिले. वेळ घेऊन, उजेडाची वाट पाहत असल्यासारखे. "नक्की? मोजून सांगतेस?"

"मोजायला काही उरलंच नाही. म्हणून नक्की."

"आणि राग गेला?"

"राग कशाला जाईल? काका तिथेच आहेत, तुझे साहेब खिडक्या चिकटवतायत. राग राहणार आहे."

"मग भाडं पुढेमागे वाटून घेऊ," तो म्हणाला. "आधी अर्धा राग इकडे दे." आणि त्याने हात पुढे केला. तळवा गार होता. मी तो घट्ट धरला.

फाटकावरच्या बाईंनी आतून हाक दिली, "ओ ताई, कट्ट्यावर बसायला मनाई आहे. पाटी वाचा."

आम्ही उभे राहिलो. हात त्यानेही सोडला नाही, मीही नाही.