कोठडीतलं पत्रक

या, पोरांनो, जवळ सरका. परक्यांचं राज्य गेलं, त्यांचा सरकारी छापखाना बंद पडला, त्या सुट्टीतली गोष्ट सांगतो.

भिंगरी आणि तिचे मावसभाऊ, जाड्या नि शंकासुर, भरदुपारी त्या छापखान्यात शिरले. दाराशी रद्दीवाला पोती तोलायचा मोठा ताजवा मांडून बसला होता. कारकून सगळे कागद रद्दीत विकून टाकायला निघाला होता.

भिंगरीचा काका चळवळीचा पुढारी. पाच वर्षांपूर्वी बारा तारखेला तो पकडला गेला आणि दुसऱ्याच दिवशी विमानातून पत्रकं पडली: ‘कोठडीतून लिहितो आहे. मी चुकलो. घरी परता.’ खाली काकाचं नाव. लोक परतले. काका तुरुंगातच वारला. माझा पोरगा असं लिहिणार नाही, असं आजोबा सांगून थकले. शेवटी त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. उद्या चौकातल्या शिळेवर हुतात्म्यांची नावं कोरायची होती, आणि यादीत काका नव्हता. म्हणूनच भिंगरी त्या पत्रकाचा माग काढायला छापखान्यात आली होती.

आत यंत्रांवर धूळ होती. भिंतीवर खिळ्यांची रांग, प्रत्येकात कागदांचा गठ्ठा. वारा आला की ते सळसळत, जणू कुणी दबक्या आवाजात तेच पत्रक वाचतंय.

शंकासुराचे वडील छापखान्यातलेच. त्यानं सांगितलं, छापण्याआधी नमुन्याचा एक कच्चा कागद काढून तपासतात, त्यावर सही-तारीख घालतात आणि खिळ्याला टोचतात. तिघं गठ्ठे उलगडू लागले. सातव्या खिळ्यावर काकाचं नाव दिसलं. कोपऱ्यात जांभळ्या शाईत गिचमिड सही आणि तारीख होती: नऊ.

“काका बाराला सापडला ना?” शंकासुर कुजबुजला.

“बारालाच. मी त्याचा हात धरून उभी होते.”

म्हणजे काका मोकळा हिंडत होता, तेव्हाच त्याची कोठडीतली कबुली जुळवून तयार होती!

तेवढ्यात कारकून खेकसला, कागद खाली ठेवा, सगळं विकलंय. जाड्या शांतपणे ताजव्यात जाऊन बसला.

“आधी मला तोला, साहेब. वर्षभराचा अभ्यास पोटात आहे.”

दोघे मोठे त्याला ओढून काढेपर्यंत भिंगरी कागद घेऊन खिडकीतून पसार झाली होती.

हुतात्म्यांची यादी करणाऱ्या समितीच्या गुरुजींनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढून डोळे पुसले आणि पाथरवटाला काकाचं नाव सर्वांत वर घ्यायला सांगितलं. तिघांच्या पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले, “आम्ही मोठे फसलो रे. तुम्ही नाही फसलात.”

दुसऱ्या दिवशी आजोबा चौकात आले. कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत कितीतरी वेळ उभे राहिले. जमलेल्यांपैकी कुणाची मान शरमेनं वर झाली नाही.

काकाचं नाव आता शिळेवर आहे. पण तो कागद तपासणारा कोण, कुणाला ठाऊक नाही. त्याची सही वाचता येत नाही. धन्याचं खोटं तपासतानाही त्यानं तारीख मात्र खरी घातली. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्याचीही आठवण ठेवा.