गॉटफ्रीडची पायपेटी

नोल्डीला त्या दिवशी एक पेटी आणायची होती, बाकी काही नाही. मेल्खआजोबांनी गोष्ट अशी सुरू केली तेव्हा जेवणं आटोपली होती, भांड्याच्या तळाची चीजची खरपुडी नातवंडांनी भांडून खाल्ली होती आणि बाहेर बर्फ पडत होता.

"कोण नोल्डी?" फ्लुरिनानं विचारलं.

"घरं रिकामी करून देणारा. माणूस गेला की हा हजर. कपाटांवर हात फिरवायचा आणि नाक मुरडायचं. माझ्याबरोबर पत्ते खेळायचा. पत्त्यांत कधी फसवलं नाही हं. फसवायचा फक्त विधवांना."

तारीख अठ्ठावीस जानेवारी, मंगळवार. दुपारी तीनला नोल्डी नदीकाठच्या गावात आगाथाबाईंकडे पोचला. बाई अठ्ठ्याऐंशीच्या. खाली कधीच बंद पडलेलं बुटांचं दुकान, वर घर. आठवडाभरात त्या वृद्धाश्रमातल्या एका खोलीत राहायला जाणार होत्या, आणि ती पेटी त्या खोलीत मावत नव्हती. अक्रोडाच्या लाकडाची, छातीएवढी उंच. तळाशी पाय घालायला खाच, वर डोळे लावायला तीन झरोके; एक्स-रेनं बुटातलं पाऊल दाखवणारी.

"बुटांच्या दुकानात एक्स-रे?" धाकटा लीनार्ट फिस्सकन हसला.

"हस, हसण्यासारखंच आहे. मी नोकरीला होतो त्या इस्पितळात तपासणीच्या आधी डॉक्टर वीस मिनिटं लाल चष्मा लावून बसायचे. डोळे अंधाराला तयार व्हायला हवेत ना. मग कुठे पडद्यावर माणसाचं काळीज हलताना दिसायचं. आज ही आपली फ्लुरिना तिच्या इस्पितळात शिशाचा अंगरखा घालून त्याच किरणांत हृदयाकडे सरकणारी तार बघते. आणि हे दुकानदार! पोराचा पाय पेटीत. एका झरोक्यातून पोर बघतंय, दुसऱ्यातून आई, तिसऱ्यातून विक्रेता. कशासाठी? तर बूट अंगठ्याला लागतो का! आईला नुसतं दाबून कळतं ते! शहाणे लेकाचे."

आगाथाबाईंचा नवरा गॉटफ्रीड हा त्यातलाच एक शहाणा. पोरानं पाय आत ठेवला की तो बाजूनं हात घालून बुटाचं टोक दाबायचा. बघा, एवढी जागा आहे वाढायला. दिवसातून पन्नास वेळा, तीस वर्षं. शेवटी किरणांनी जळलेली उजव्या हाताची तीन बोटं कापावी लागली. अंगठा आणि पहिलं बोट, एवढंच उरलं. तरी तो तोच हात आत घालायचा.

"मोडू नका हो हिला," आगाथाबाई म्हणाल्या. "संग्रहालयात द्या, पण अख्खी द्या. रोज साडेसहाला, दुकान बंद करायच्या वेळेला, मी पाय आत ठेवते. दिवा मालवते. डोळ्यांना थोडी सवय होऊ द्यावी लागते... मग तो दाबून बघतो."

"कोण?"

"गॉटफ्रीड. त्याला जाऊन सहा वर्षं झाली."

नोल्डीनं वाकून मागची फळी काढली. आत काही नव्हतं. अशा पेट्यांवर बंदी आली त्या वर्षी सरकारी माणसांनी किरणांची नळी काढून नेली होती, वायरही कापली होती.

"अहो बाई, कोंबड्या गेलेल्या खुराड्यासारखी रिकामी आहे ही!"

"असू दे. अख्खी द्याल ना?"

"अख्खी. शब्द दिला." एवढं म्हणताना त्याच्या डोक्यात झ्युरिकचा एक दारूवाला होता. त्याला गुत्त्यातल्या काउंटरसाठी फक्त अक्रोडाच्या फळ्या हव्या होत्या. उरलेलं भंगारात जायचं होतं.

शेडमध्ये पेटी उतरवेपर्यंत सव्वासहा झाले. नोल्डीनं पहार हातात घेतली आणि त्याला हसू आलं. रात्री पत्त्यांच्या टेबलावर सांगायला मजा येईल म्हणून त्यानं दिवा मालवला, पोलादी टोपीचा कामाचा बूट खाचेत सरकवला आणि झरोक्याला डोळे लावले.

"गॉटफ्रीडसाहेब, गिऱ्हाईक आलंय. उघडा दुकान!"

अंधार.

पाच मिनिटं. दहा. म्हातारीनं आपल्याला चांगलं बनवलं, असं त्याच्या मनात आलं. तो पाय काढणार, इतक्यात...

हिरवं.

आधी अगदी फिकं. मग टाचेचं हाड दिसलं. बुटाचे खिळे. पुढे बोटांवर पोलादाची काळी कमान.

बाजूनं एक हात आला.

घाईत नव्हता. हाडंच होती. अंगठा. एक बोट. पुढे तीन खुंट.

तो बुटाच्या टोकावर आला. थांबला.

दाबलं.

नोल्डीला ते कळलं. पोलादातून कळलं. त्यानं मान वर केली. पेटीचे तीन झरोके मोकळे होते, तर वर छतावर उजेडाचे तीन ठिपके पडायला हवे होते.

दोनच होते.

तिसऱ्या झरोक्याला कुणीतरी डोळे लावून...

त्यानं पाय ओढला. निघेना. दाब वाढला. बुटातल्या पायाच्या अंगठ्याचं नख मोडलं. नोल्डीच्या हातातली पहार खाली पडली.

"अख्खी," तो म्हणाला. "अख्खी देईन..."

दाब तसाच.

"शब्द..." पण तो तर त्यानं दुपारीच दिला होता.

कितीतरी वेळानं पाय सुटला.

"पेटी?" फ्लुरिनानं हळूच विचारलं.

"जिल्ह्याच्या संग्रहालयात आहे, अख्खी. दुसऱ्या दिवशी लंगडत स्वतः पोचवून आला. मग आगाथाबाईंना पावती दाखवायला गेला. त्यांनी पावती बघितलीच नाही. त्याच्या पायाकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'बूट अर्ध्या नंबरानं लहान घेतलाय तुम्ही. तो बोलला असेलच.'"

"थाप!" लीनार्ट म्हणाला. "पायावर काहीतरी पाडून घेतलं असेल आणि वर ही गोष्ट रचली."

आजोबा उठले. स्टोव्हमागच्या फळीवरून त्यांनी नोल्डीचा तो बूट काढला आणि टेबलावर ठेवला. टोकाशी पोलाद दोन जागी आत गेलं होतं, एक खड्डा रुंद, एक अरुंद. फ्लुरिनानं त्यांत अंगठा आणि पहिलं बोट ठेवून बघितलं. मग हात मागे घेतला.

"हातोड्यानं ठोकलंय," लीनार्ट म्हणाला. त्यानं बूट दिव्याखाली धरला. एकदा फिरवला. पुन्हा फिरवला.

पोलादावरच्या चामड्याला एक ओरखडाही नव्हता.