मारिसोलचे बाबा

पाट्या कोरणारा तो माणूस तसा मितभाषी. दगडाशी दिवस काढून काढून त्याची बोलायची सवयच मोडली होती. अशात एका दुपारी ती दुकानात आली. दवाखान्यातली नर्स, ड्यूटीवरून थेट.

"बाबा गेले माझे. बागेतल्या त्यांच्या बाकावर पाटी लावायचीय. स्वतःचं नाव नको म्हणाले होते... एवढंच."

तिने पुढे केलेल्या कागदावर लिहिलं होतं – मारिसोलचे बाबा.

"मारिसोल म्हणजे... तुम्ही?"

"हो. बाबा जहाजावर सुतार होते. एका स्पॅनिश बंदरात हे नाव ऐकलं आणि भाळले. मार म्हणजे समुद्र, सोल म्हणजे सूर्य, म्हणायचे." ती थांबली. "मी नावांच्या पुस्तकात पाहिलं. मुळात त्यातलं सोल म्हणजे सूर्य नाही, एकटेपणा. पुस्तकच खरं निघालं. दवाखान्यात मी सगळ्यांची सिस्टर. या नावानं हाक मारणारं आता कुणी नाही. पाटीवर कोरलं की संपलं."

त्याने तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.

मग रोज ड्यूटी सुटली की ती डोकवायची, स्टुलावर बसून बाबांबद्दल सांगायची. तो ऐकायचा. ती गेली की दुकान त्याला खायला उठायचं.

आठव्या दिवशी त्याने मान खाली घालून पाटी पुढे केली. त्यावर कोरलं होतं – मारि सोलचे बाबा.

ती बघतच राहिली आणि खळखळून हसली. "शाळेत पोरं अशीच चिडवायची! मारी, सोल! बटाटे सोल! बाबांनी एकदा सगळ्यांना घरी बोलावून खरंच सोलायला बसवलं..." हसता हसता तिला रडू फुटलं.

त्याने पाण्याचा ग्लास दिला. "चूक माझी. समुद्र, सूर्य असं मनात घोळत होतं, मध्ये जागा सुटली. परवा नवी देतो."

"आणि ही?"

"ही राहू दे माझ्याकडे."

"चुकलेली पाटी? कशाला?"

त्याचे कान लाल झाले. "हाक मारणारं कुणी नाही म्हणालात ना... मी मारतो. रोज. तुम्ही गेलात की." त्याने पाटी जवळ ओढली. "फार आवडता तुम्ही मला."

ती पर्स उचलून दारापर्यंत गेली. त्याला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"मारिसोल!"

ती पाठमोरीच थबकली. बाबा गेल्यापासून या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. हात दाराच्या कडीवर तसाच राहिला.

"ओ..." ती म्हणाली, आणि वळली.