यादीत नसलेला शब्द

"वीस मिनिटं बाहेर बसा. यादी मनात घोकायची नाही," परीक्षकबाई म्हणाल्या, आणि ती घोकतच बाहेर आली. बटण, नदी, कात्री…

दहा शब्द. विस्मृतीचा आजार पिढ्यान्‌पिढ्या उतरणाऱ्या, नऊ देशांतल्या घराण्यांतल्या माणसांना या अभ्यासात दरवर्षी अशीच यादी वाचून दाखवत. आईचे शब्द निसटू लागले तेव्हा आई बेचाळीसची होती. गेली ती पन्नाशी न गाठताच, पोटच्या लेकीला 'ताई' म्हणत. लेक आता छत्तीसची. आईच्या जनुकातला दोष आपल्यात उतरलाय का, हे सांगणारा कागद याच इमारतीत बंद होता. तिनं तो कधी मागितला नव्हता.

बाकावर एक उंच माणूस बसला होता.

"तो जिराफ मघापासून तुमच्याकडे बघतोय."

कोपऱ्यात लांब मानेचा, वाकलेला दिवा होता. तिला हसू फुटलं… कितीतरी महिन्यांनी.

"गप्प बसा हो! शब्द सांडतील माझे."

"सांडू द्या. मी उचलून देईन." तो जरा सरकला. "दादाला घेऊन आलोय. त्याला माझं नाव सापडत नाही आता, 'ए लांब्या' म्हणतो. माझा कागद? अजून बंदच."

तो हसत होता, पण हातातली पावती सारखी दुमडत, उलगडत होता. ती बघतच राहिली.

आत गेल्यावर नऊ शब्द धडाधड आले. दहावा…

"जिराफ."

बाईंचं पेन थबकलं. "ठीक," एवढंच म्हणाल्या.

दाराशी येईतो तिला कळलं, जिराफ यादीत नव्हताच. आईचंही असंच सुरू झालं होतं. नसलेला शब्द, अगदी ठामपणे.

"तुमचा जिराफ यादीत घुसला," ती कशीबशी म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. तो तडक आत गेला. "बाई, जिराफ मी घातला त्यांच्या डोक्यात!"

"नोंद करते. पण त्यानं काही ठरत नाही," बाई म्हणाल्या. मग तिच्याकडे वळून, "सोबत्याचा रकाना यंदाही कोरा. तुमच्यात काय बदललं, हे सांगणारं कुणीतरी हवं."

"मी चालेन?" तो म्हणाला.

बाहेर येताच तिनं विचारलं, "किती ओळखता मला?"

"वीस मिनिटं."

"नियम दोन वर्षांच्या ओळखीचा आहे."

"मग आजपासून मोजू."

"आणि मी तुम्हाला विसरले तर? …किंवा तुम्ही मला?"

"भीती वाटते," तो म्हणाला. "पण तुम्ही आवडलात. माझं नाव—"

तिनं त्याचा हात धरला.

"आज नको, लांब्या. नाव उद्या सांग. आणि परवा मला विचार, आठवतंय का."