वहिनींनी नाव घेतलं

नोव्हाय या अमेरिकी गावात त्र्यंबकरावांच्या बेसमेंटमध्ये मी भाड्यानं राहत होतो, त्या वर्षीची, म्हणजे १९८७च्या ऑक्टोबरमधली ही गोष्ट. माझं काम गाड्यांचे ब्रेक टेस्ट करण्याचं. मोजता येत नाही ते मी सहसा मानत नाही.

त्र्यंबकरावांना खेड्यापाड्यांतल्या पबमधली जिवंत एल, म्हणजे पिंपातच आंबत राहणारी बिअर, आवडायची. लाकडी पिंपातून हातपंपानं ओढलेली, बर्फ न लावलेली. "आपल्या आंबिलीची गोरी मावसबहीण," असं ते म्हणत. दर वर्षी त्यांचा क्लब जुनी पिवळी स्कूलबस भाड्यानं घेऊन दिवसभर तीन पब फिरायचा. त्या ऑगस्टमध्ये त्यांना हार्ट अटॅक आला. डॉक्टरांनी दारू बंद केली. सीट मात्र बुक झालेल्या होत्या.

"तुम्ही दोघं जा," माझ्याकडे बघत ते बायकोला, मालिनीवहिनींना म्हणाले. "एकेक घोट घे आणि मला चव सांग. या रवीचा भरवसा नाही. साबणाचं पाणी दिलं तरी छान म्हणेल!"

"अहो, मी कधी तोंडाला लावलंय का? आणि तुम्हाला एकटं टाकून?"

"एकटा कसला? फोन आहे. जा गं, माझ्यासाठी."

वहिनी गेल्या. साडीवर कोट, पायात स्नीकर्स. बसच्या खिडकीतून मक्याची कापलेली शेतं बघत राहिल्या. "रात्री झोपेत त्यांचा श्वास मोजते मी," मध्येच म्हणाल्या. "आज कोण मोजणार?"

पहिल्या पबमध्ये काउंटरवरच्या म्हातारीनं आमच्यापुढे तीन ग्लास ठेवले. आम्ही दोघंच आहोत, म्हटल्यावर ती गोंधळली. आमच्या मागे पाहिलं आणि तिसरा ग्लास उचलून नेला. वहिनींनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "कडू. कडुनिंबाची काडी चावल्यासारखं."

दुसऱ्या पबमध्येही तीन. मालकानं तिसरा थेट रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला आणि कौतुकानं हसला. तुमच्या माणसाला एल कशी प्यायची ते कळतं, म्हणाला. दोन्ही पंजांत धरून आधी ऊब देतो.

त्र्यंबकराव तसंच प्यायचे. चहासुद्धा.

वहिनींनी आपल्या ग्लासातला घोट कसाबसा गिळला. "भाजलेली नाचणी," पुटपुटल्या. आणि उठून पे-फोनकडे गेल्या. मी नाणी टाकली. रिसीव्हर आमच्या दोघांच्या कानांच्या मध्ये धरला.

"हं," त्र्यंबकराव म्हणाले. आवाज अगदी निवांत. "पहिली फारच कडू होती, नाही? ही बरी. भाजक्या नाचणीसारखी."

"अहो, तुम्ही कुठे आहात?"

"इथंच की. छातीत काही दुखत नाही बघ आता. इतकं हलकं वाटतंय..."

त्यांच्या आवाजामागे कुणीतरी अकॉर्डियन वाजवत होतं. मग नुसतीच अकॉर्डियन राहिली. मी पुन्हा फोन लावला. एंगेज. शेजारच्या सुलभाताईंकडे लावला, तिथं कुणी उचलला नाही.

"टॅक्सी बोलवू?"

"नको," वहिनी म्हणाल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "घरी आता नाहीयेत ते. पुढं गेलेत."

बस तिसऱ्या पबपाशी थांबली तेव्हा उन्हं कलली होती. दार ढकललं. आत एक म्हातारा अकॉर्डियन वाजवत होता. तीच चाल.

शेकोटीजवळच्या कोपऱ्यात एक टेबल होतं. दोन खुर्च्या, दोन अर्धे ग्लास. माणूस नव्हता.

वहिनी तिथं जाऊन उभ्या राहिल्या. "अहो," त्या म्हणाल्या. "अहो, ऐकलंत का?"

काही नाही. फेस हळूहळू विरत होता.

"एकोणीस वर्षं मी यांना नावानं हाक मारलेली नाही," असं वहिनींनीच मला कधीतरी सांगितलं होतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि भरलेल्या पबमध्ये, गोऱ्या माणसांच्या देखत, लग्नातल्यासारखं स्पष्ट नाव घेतलं:

"परक्या मुलखात एकोणीस वर्षं मांडला मी संसार,
त्र्यंबकराव, उठा आता, उघडं आहे दार."

अकॉर्डियन थांबली.

लाकडी जमिनीवर खुर्ची घासल्याचा आवाज झाला. लगोलग पुन्हा तसाच. दुसरा प्रतिध्वनी असावा, असं मी धरलं.

परतीच्या वाटेवर वहिनी सीटच्या कडेला बसल्या. खिडकीची जागा त्यांनी मोकळी सोडली.

घरी पोचलो तेव्हा नुकतं अंधारत होतं. त्र्यंबकराव आरामखुर्चीत शाल पांघरून बसले होते. फोनचा रिसीव्हर मांडीवर. वहिनींनी धावत जाऊन त्यांचे हात धरले. गरम होते. मी नाडी मोजली. बहात्तर.

"हाक ऐकली गं," ते म्हणाले. "नावानं बोलावलंस."

वहिनी रडत रडत हसल्या. "पुन्हा असे गेलात तर बघा!"

थंडी आत येत होती. डोळे पुसत त्या दार लावायला उठल्या.

"राहू दे उघडं," त्र्यंबकराव म्हणाले. "तू म्हणालीस तेव्हा त्या टेबलावरचे आम्ही दोघंही उठलो. माझ्यासमोर बसलेल्याला कित्येक वर्षांत कुणी बोलावलंच नव्हतं. जरा सावकाश चालतो, इतकंच."

वहिनींचा हात कडीवरच राहिला.

बाहेर वारा पूर्ण पडलेला होता. ड्राइव्हवेवरची वाळकी पानं मात्र वाजत होती. थांबून थांबून, एकेक.