अण्णा, कनेक्टेड

ही गोष्ट खरी आहे.

पटली तर पटली, नाही पटली तर सोडून द्या. मी कुणाच्या गळी उतरवायला बसलेली नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या दुकानात घडलेला प्रकार आहे, आणि मावशी थापा मारत नाही. तिला तेवढा वेळच नसतो.

आणि एक आधीच सांगून ठेवते. मध्यरात्र नव्हती. कुत्री रडत नव्हती. दिवे फडफडत नव्हते. मंगळवारची टळटळीत दुपार होती. शेजारच्या शिंप्याचं मशीन खडखडत होतं आणि रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालू होते.

मावशी लॅपटॉप दुरुस्त करते. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधली बोळकांडी म्हणा. आत तिचं टेबल आणि समोर गिऱ्हाइकासाठी एक प्लास्टिकची खुर्ची. मावशीचं तोंड तिखट, पण हात सोन्याचा. "आवाज येत नाही" अशी रड घेऊन येणारे तर रोजचेच. निम्म्यांनी स्वतःच आवाज बंद करून ठेवलेला असतो. मावशी एक बटण दाबते, त्यांची चार शब्दांत पूजा बांधते आणि वाटेला लावते.

त्या दुपारी एक तिशीची बाई आली. लॅपटॉप छातीशी घट्ट धरलेला. तिने काहीतरी सांगितलं, पण मावशीला ऐकूच आलं नाही.

"जरा मोठ्याने बोला हो."

"आवाज येत नाहीये," बाई कुजबुजली.

"कुणाचा? तुमचा की लॅपटॉपचा?"

बाई कसनुसं हसली. लहान मुलांना ऑनलाइन वाचायला शिकवते म्हणाली. मावशीने लगेच तिचं बारसं करून टाकलं, मास्तरीणबाई.

तर मास्तरीणबाईंचा लॅपटॉप महिनाभर मुका होता. फोनवर वर्ग घ्यायला गेली, तर फोनही मुका झाला. मुलांचं वाचन तिला ऐकू येईना आणि तिचा आवाज मुलांपर्यंत पोचेना. आज संध्याकाळी पालकांसमोर वर्ग होता. आजही आवाज आला नाही, तर संस्था वर्ग दुसऱ्या बाईंना देणार होती.

"तुमचा आवाज मुलांना अजिबात जात नाही?"

"माझा नाही जात..." मास्तरीण अडखळली. "एक मुलगी विचारत होती. बाई, तुम्ही एवढ्या जोरात श्वास का घेताय?"

मावशीने मान वर केली.

"बसा," ती म्हणाली.

"नको. उभीच बरी आहे."

मास्तरीण खुर्चीकडे बघतसुद्धा नव्हती.

मावशीचा नियम आहे. आधी सोपं, मग अवघड, आणि स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. तिने म्यूट पाहिलं, बंद होतं. आवाजाची पट्टी पाहिली, पूर्ण चढवलेली. एक गाणं लावलं. पडद्यावर हिरव्या रेघा मस्त उड्या मारत होत्या. म्हणजे आवाज तयार होत होता.

पण स्पीकरमधून काही नाही.

मग तिने ड्रायव्हर काढून नव्याने टाकला. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. गाणं लावलं. रेघा तशाच नाचत होत्या.

आवाज कुठेतरी जात होता... फक्त इथे येत नव्हता.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडली.

अण्णा... कनेक्टेड.

"हात्तिच्या!" मावशी हसली. "तुमचा ब्लूटूथचा हेडफोन जोडलेला आहे की! सगळा आवाज त्यात जातोय. अण्णा म्हणजे हेडफोनचं नाव ठेवलंय वाटतं?"

मास्तरीण हसली नाही.

"माझ्या नवऱ्याने ठेवलं होतं. हेडफोन सासऱ्यांचा. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो."

"मग अण्णांना सांगा, बंद करा म्हणावं."

"अण्णा गेले. महिना झाला."

शिंप्याचं मशीन मध्येच थांबलं होतं. मावशी म्हणाली, "बरं. मग घरात कुणाकडे तरी चालू राहिला असेल."

"हेडफोन त्यांच्यासोबतच चितेवर गेला, ताई. धाकट्या दिरांनी गळ्यात तसाच राहू दिला. म्हणाले, अण्णांना त्याशिवाय करमायचं नाही."

मावशीने पडद्यावरची चौकट पुन्हा एकदा वाचली. 

कारण ब्लूटूथ कसं चालतं हे तिला चांगलंच माहीत होतं. ते काही गावभर पोचत नाही. फार तर एका खोलीपुरतं.

आणि ती खोली म्हणजे हे दुकान.

तिने ब्लूटूथ बंद केलं. ते आपोआप चालू झालं. तिने यादीतून अण्णांना काढून टाकलं, यादी रिकामी झाली.

...आणि चौकट पुन्हा उघडली. अण्णा, कनेक्टेड.

"असं का?" मावशी म्हणाली. तिच्या आवाजात आता राग होता. तिने स्क्रू ड्रायव्हर घेतला, लॅपटॉप उलटा केला, झाकण काढलं आणि ब्लूटूथचं कार्ड उपटून तळहातावर घेतलं. नखाएवढं हिरवं कार्ड. हे नसेल तर लॅपटॉपला ब्लूटूथ म्हणजे काय तेही कळत नाही.

तिने लॅपटॉप चालू केला.

अण्णा... कनेक्टेड.

कार्ड तिच्या हातात होतं.

एवढ्यात मावशीच्या मागून बारीक टिंग असा आवाज आला. मावशीच्या स्वतःच्या लॅपटॉपवर, जो त्या दुपारपर्यंत या कुणाला ओळखतही नव्हता, तीच चौकट. तेच नाव. आणि त्यावर सकाळपासून हळू आवाजात लागलेली गाणी पटकन थांबली.

थांबली नव्हती. रेघा नाचत होत्या.

 मग तिला मुलीचं ते वाक्य आठवलं. हेडफोनला माइकही असतो. तिने माइकच्या रेघेची खिडकी उघडली. दुकानात दोघीही गप्प होत्या...

रेघ वर गेली. सावकाश खाली आली. पुन्हा वर. पुन्हा खाली.

कुणीतरी श्वास घेत होतं.

"ताई," मास्तरीण कुजबुजली, "मला त्या खुर्चीत बसवत नाहीये. तुमच्या दुकानात आल्यापासून. घरातही त्यांच्या खुर्चीचं असंच होतं."

इथे दुसरं कुणी असतं तर शटर ओढून पळालं असतं. मी तर नक्कीच. पण मावशीचं डोकं फिरलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं ती आम्हाला लहानपणापासून ऐकवत आलीय. तिने खुर्चीकडे सरळ बघितलं आणि विचारलं, "हा म्हातारा होता तरी कसा?"

मास्तरिणीने सांगितलं. हळू आवाजात, अर्धं बोटांच्या खुणांनी. अण्णांना घरात आवाज खपत नसे. दिवसभर तिच्याच लॅपटॉपवर बातम्या लावून हेडफोन घालून बसायचे. जेवायला वाढू का, हेसुद्धा खुणेने विचारायचं. ती काही बोलायला लागली की तिच्याकडे बघत बघत ते हेडफोन कानांवर चढवायचे. दीर गप्प, नवरा गप्प. नवरा म्हणायचा, जाऊ दे ना, वय झालंय. होता होता सगळं घरच कुजबुजायला लागलं. अण्णा गेले, तरी कुजबुज राहिलीच.

"मला वाटतं ताई, माझा आवाजच उरलेला नाही."

"आवाज कुठे जातो?" मावशी म्हणाली. "दडपलाय तेवढा."

आणि मग तिला पडद्यावर एक गोष्ट दिसली. अण्णांच्या नावापुढे बॅटरीचं छोटं चित्र होतं. ब्लूटूथच्या प्रत्येक हेडफोनला असतं तसं. बॅटरी अर्ध्याच्या जरा वर होती.

"मास्तरीणबाई," मावशीने बाह्या सरसावल्या, "आजवर तुम्ही बोललात की ते कान झाकायचे. बरोबर? आता बघा गंमत. आपल्या लॅपटॉपमधला सगळा आवाज कुठे जातोय?"

मास्तरिणीने खुर्चीकडे बघितलं. पहिल्यांदाच.

"थेट त्यांच्या कानात," ती म्हणाली.

"हेडफोन काढता येत असता तर एव्हाना काढला असता. बॅटरी संपेपर्यंत बोला."

मावशीने लॅपटॉपचा स्वतःचा माइक चालू केला, त्याचा आवाज सरळ अण्णांकडे सोडला, आणि पट्टी ताणून शेवटाला नेली.

मास्तरीण माइकपाशी वाकली. तोंड उघडलं... शब्द फुटेना.

खुर्चीचा एक पाय करकरला. दुकानात वारा नव्हता.

"बोल गं!" मावशी ओरडली.

"लग्न होऊन आले..." मास्तरिणीचा आवाज फाटलेला होता. "लग्न होऊन आले त्या दिवशी मी मोठ्याने हसले. तुम्ही म्हणालात, हा धर्मशाळेतला हसण्याचा आवाज कुणाचा? त्यानंतर मी तुमच्या घरात हसले नाही, अण्णा."

बॅटरी किंचित उतरली.

"माझा पहिला वर्ग मी न्हाणीघरात घेतला. पालथ्या बादलीवर बसून. मुलांनी विचारलं, बाई, तुमचा आवाज घुमतो का? मी म्हणाले, मोठं घर आहे आमचं. खोटं बोलले मुलांशी, तुमची अब्रू राखायला!"

आता ती वाकलेली नव्हती. सरळ उभी राहिली होती. मग बांध फुटला. वर्षानुवर्षांचं साठलेलं, एकेक काढून तिने समोर टाकलं. मध्येच रडली, मध्येच नवऱ्यालाही चार शब्द सुनावले. मावशी पाणी देत होती आणि बॅटरीवर डोळा ठेवून होती. बोलण्यासारखं संपलं तेव्हा मास्तरीण गायली. बेसूर गायली, पण खणखणीत. मग मुलांचा धडा वाचला, प्राण्यांच्या आवाजांसकट. गाढव तर इतकं जोरात ओरडलं की शिंपी दारात आला.

"अहो, जरा हळू की!"

"नाही!" दोघी एकदम ओरडल्या. शिंपी परत गेला.

बॅटरी लाल झाली होती.

मावशीला राहवलं नाही. तिने एकदाच हेडफोनच्या माइकची रेघ उघडून पाहिली.

आता तो श्वास नव्हता. रेघ वरच्या टोकाला आपटत होती, पुन्हापुन्हा, थांबायचं नाव नाही. कुणीतरी घसा फोडून ओरडत होतं.

...आणि दुकानात त्याचा एक कणही ऐकू येत नव्हता.

मास्तरिणीने ती रेघ बराच वेळ बघितली. मग माइकमध्ये अगदी शांतपणे म्हणाली, "कळलं आता, अण्णा? तोंड उघडलं तरी आवाज न येणं कसं असतं?"

चौकट उघडली. अण्णा, डिस्कनेक्टेड.

त्याच क्षणी दोन्ही लॅपटॉप किंचाळले. मावशीची सकाळची गाणी, मास्तरिणीचा आवाज, सगळं एकत्र, कान फुटतील एवढं. दोघींनी कानांवर हात ठेवले. दोघी हसत होत्या. धर्मशाळेत हसतात तशा, असं मावशी सांगते.

जायच्या आधी मास्तरीण त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. मुद्दाम. पाण्याचा पेला संपवला आणि उठली. संध्याकाळचा वर्ग तिने घरातल्या मोठ्या खोलीत, अण्णांच्या खुर्चीत बसून घेतला. पालकांना एकेक शब्द ऐकू गेला. वर्ग आजही तिच्याकडेच आहे.

इथे संपलं असतं तर मी ही गोष्ट लिहिली नसती.

थोड्या दिवसांनी मास्तरिणीचा मावशीला फोन आला. मी तेव्हा दुकानातच होते. फोन स्पीकरवर होता, म्हणून माझ्या कानांनी ऐकलंय.

"ताई, लॅपटॉपवर परत आलंय. अण्णा, कनेक्टेड."

"बॅटरी?" मावशीने विचारलं.

"पूर्ण भरलेली."

मावशीचा हात टेबलावर थांबला. बॅटरी आपोआप भरत नाही, हे मलाही कळतं.

"हेडफोन त्यांच्यासोबत गेला होता ताई, पण त्याचा चार्जर घरातच राहिला होता. त्यांच्या खणात. मी आता खण उघडून हात लावून पाहिला..." ती थांबली. "गरम आहे."

 मी नकळत त्या प्लास्टिकच्या खुर्चीतून उठले. खरं सांगते, अजूनही मावशीकडे गेले की मी उभीच राहते. गाणं लावायच्या आधी कोपऱ्यातली चौकट बघते. मावशी हसते मला, हसू दे.

"तो चार्जर आधी फेकून दे," मावशी म्हणाली. "लांब कुठेतरी."

पलीकडे खण ढकलून बंद केल्याचा आवाज आला. मग मास्तरिणीचा. घरातूनच बोलत होती, पण मावशीला स्पीकरचा आवाज कमी करावा लागला, एवढ्या मोठ्याने.

"नको ताई, राहू दे. भरू दे त्यांना हवी तेवढी. माझं तरी कुठे सगळं बोलून झालंय?"