एका हाकेची पोर

टीव्हीवरच्या त्या बाईला पोरं वळणात ठेवता येत नव्हती. यान घेऊन आभाळात निघालेली, अंगावर चंदेरी कपडे, नवरा शास्त्रज्ञ, आणि जेवायला बसायचं तर दोन पोरांना चार चार हाका. पोरं आपली बटणं दाबत बसलेली. ती मालिका पहिल्यांदा लागली तेव्हा संगमनेरजवळच्या आमच्या वस्तीवर एकट्या माझ्या घरी टीव्ही होता. रविवारी धारा काढून, डेअरीत दूध घालून सगळी वस्ती माझ्याकडं येऊन बसायची, आणि मी सगळ्यांदेखत त्या बाईला सुनवायची, "अगं, कान उपट की एकदा."

आमच्या घरात पोराला दुसरी हाक मारावी लागत नाही. सुनीलला मी तसाच वाढवला, आणि आता त्याच्या सृष्टीला. नवराबायको दोघं नोकरीला जातात, म्हणून नात जन्मली तेव्हाच मी शहरात, सावेडीला त्यांच्या फ्लॅटवर आले. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण पोर माझ्या हाताखाली घडली. बिल्डिंगमधल्या बाकीच्या आया गॅलरीतून ओरडून घसा कोरडा करतात. मी एकदाच "सृष्टी" म्हणते. खालून "ओ, आले" येतं आणि पाठोपाठ जिन्यावर पावलं. वॉचमन छगन म्हणतो, "आजी, तुमची नात म्हंजे लष्करातलीच हाय."

यंदा सुट्टीत सुनीलनं ती मालिका कुठूनशी शोधून मोबाईलवरून मोठ्या टीव्हीवर लावून दिली. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की आम्ही दोघी सोफ्यावर बसायचो. पुढं काय होणार ते मी आधीच सांगायची. सृष्टी म्हणायची, "आजी, तुला सगळंच कसं ठाऊक?"

एका संध्याकाळी ती बाई ताटं मांडत होती. थोरल्याला हाक मारली, धाकट्याला मारली. कोणी हललं नाही. मग तिनं तोंड आमच्याकडं वळवलं आणि शेजारच्या खोलीतल्या पोरीला बोलवावं तसं म्हणाली, "सृष्टी."

"ओ, आले." सृष्टी पोह्यांची ताटली खाली ठेवून उभी राहिली.

मला हसू आलं. आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. मी त्या बाईला म्हणाले, "बघ, अशी असत्यात पोरं."

बाई थोडा वेळ बघत राहिली. मग वाढायला लागली.

रात्री सुनीलला विचारलं, त्या बाईला सृष्टी नावाची मुलगी होती का. तो म्हणाला, "आई, त्यांना दोनच पोरं होती. मुलगी कुठली?" त्यानं तो भाग परत लावून दाखवला. दोन हाका, मग वाढप. बाकी काही नाही. "तुझं वय झालं आता," म्हणाला.

"वय झालं असंल. कान न्हाई गेलं माझं."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलाला तिसरी खुर्ची होती. यानातली सगळी भांडी पांढरी, प्लॅस्टिकची. तिसऱ्या खुर्चीपुढं मात्र स्टीलचा पेला. सृष्टीच्या बारशाला मी संगमनेरहून नाव घालून आणलेला. अक्षरं दिसत होती. मी उठून स्वयंपाकघरात गेले. मांडणीत पेल्याची जागा रिकामी होती.

तिथूनच हाक मारली, "सृष्टी."

उत्तर आलं नाही.

परत मारली. त्या घरात माझी दुसरी हाक मी पहिल्यांदाच ऐकली.

बाहेर येऊन पाहिलं तर पोर टीव्हीसमोर बसलेली, आणि टीव्ही बंद. खांद्याला हात लावला तेव्हा तिनं वर पाहिलं. पाहुण्या बाईकडं बघावं तसं.

"काय?" म्हणाली.

मी सुनीलला मालिका काढून टाकायला लावली. त्यानं माझ्यासमोर काढली.

दुसऱ्या दिवशी दिवा लावून आले तर तीच मालिका चालू होती. टीव्ही कुणी लावला, ते मी विचारलं नाही. सृष्टी सोफ्यावर होती. मी शेजारी बसले आणि तिचं मनगट धरलं. ऊब होती.

तिसऱ्या खुर्चीत एक पोरगी आमच्याकडं पाठ करून बसली होती. दोन वेण्या. डोक्यावरच्या भोवऱ्यापाशी भांग जरा डावीकडं सरकलेला. माझ्या हातचा भांग मी ओळखते. सकाळीच पाडला होता.

बाई तिला वाढत होती.

मी मान ताठ केली आणि हाक मारली. एकदाच.

"सृष्टी."

माझ्या हातातलं मनगट हललं नाही.

तिकडं खुर्ची मागं सरकली.

"ओ आजी, आले."

बाईनं तिचा खांदा धरला. पोरीनं तो हात झटकला, तडक काचेपर्यंत आली, आणि मी काय काम सांगते याची वाट बघत उभी राहिली. मागं ती दोन पोरं अजून बटणंच दाबत होती.

बाई आता माझ्याकडं बघत होती.

"पाहिलंस ना, बाई?" मी म्हणाले. "पोर तुझ्या घरात हाय. वळण माझंच."